मल्लिनाथअण्णांचा तिसरा प्रश्न

मंगळवार, सकाळी सव्वाअकरा : मल्लिनाथअण्णांच्या डाव्या तर्जनीत डिझेलचा फवारा घुसला. बुधवार : एका खासगी रुग्णालयाच्या अपघात विभागात धनुर्वाताचे इंजेक्शन, बोटाला पट्टी, कागदावर ‘किरकोळ जखम’ असा शेरा, आणि घरी रवानगी. गुरुवार : बोट सुजले म्हणून पुन्हा त्याच विभागात, या वेळी गोळ्या. शुक्रवार : तळहात काळानिळा, मग भरती. शनिवार : शस्त्रक्रिया, मनगटापासून हात गेला. त्यापुढचा मंगळवार, पहाट : अण्णा गेले. तारखा माझ्या फायलीत आहेत आणि रुग्णालयाच्या नोंदवहीतही आहेत. येथे वार पुरेत.

जबाबदार व्यक्ती तीन. पहिली, बुधवारी आणि गुरुवारी अपघात विभागात कामावर असलेले डॉक्टर. दुसरी, त्या रुग्णालयाचे अधीक्षक, ज्यांनी माझ्या तीन सविस्तर पत्रांना मिळून चार ओळींचे उत्तर पाठवले. तिसरी, त्या मंगळवारी गाडीत बसून इशारा मिळण्याआधीच किल्ली फिरवणारा गाडीमालक. हा गाडीमालक म्हणजे प्रस्तुत लेखक. क्रम महत्त्वाचा नाही. तिघांपैकी कोणीही सुटू नये एवढाच हेतू आहे.

गौराक्कांचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या सचिवांना जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल पत्र लिहीत होतो. अण्णा शनिवारपासून बेशुद्ध होते आणि मला स्वस्थ बसवत नव्हते. हात मोकळे राहिले की मी कोणाला तरी पत्र लिहितो. “साहेब, संपलं,” एवढेच त्या म्हणाल्या. मी ते पत्र पूर्ण केले, सही केली, पाकीट चिकटवले आणि मग उठलो... हे मी का केले ते मला आजही सांगता येत नाही. दीड महिना झाला. तो दिवा आता लागला आहे आणि जिना चढताना मला त्याचा राग येतो.

अण्णांचे गॅरेज अक्कलकोट रस्त्याला, पत्र्याच्या छपराखाली. दारावर नाव नाही, फक्त ‘डिझेल पंप व नोझल’ ही अक्षरे मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. ते एकटेच काम करत. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी आमच्या भागातली मराठी, इंजिनाशी काय बोलत ते ठाऊक नाही; पण बोलत असत. मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस, वकील नव्हे. तरी पहिल्याच भेटीत मी त्यांना पावती, हमी आणि जुने सुटे भाग परत मागितले, तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी मला ‘वकीलसाहेब’ हेच नाव ठेवले.

माझी गाडी जुनी, डिझेलची. नव्या गाड्यांसारखा संगणक तिच्यात नाही. या इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की पेट घेते. फवारा बारीक नसेल, नोझल नुसते ठिबकत असेल, तर इंजिन ठोकते आणि काळे ओकते. थंड इंजिनाला आधी ऊब द्यावी लागते. त्यासाठी किल्ली अर्धी फिरवायची, समोर नारिंगी दिवा लागतो, आतले हीटर तापतात, दिवा विझला की मगच सेल्फ मारायचा. हे थोडेसे थांबणे मला कधीच जमले नाही. दिवा जळत असतानाच मी किल्ली पुढे ढकलत असे, गाडी खोकत असे, मागून पांढरा धूर निघत असे आणि अण्णा हातातले काम न थांबवता म्हणत, “तिला तोंड तरी धुऊ द्या की वो, वकीलसाहेब.”

कोणतीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ते तीन प्रश्न विचारत. पहिला, “काल कुटं गेलती?” दुसरा, “डिझेल कुटलं पाजलं?” मालक उत्तर देई. अण्णा मान डोलावत, बिडी बाजूला ठेवत आणि तिसरा प्रश्न विचारत, “बरं, आता खरं काय झालं ते सांगा की.” हा प्रश्न ते डॉक्टरांना, पोलिसांना, मठाच्या स्वामींनाही सोडत नसत. मी एकदा रागाने म्हणालो, “अण्णा, हा सरळ सरळ अविश्वास आहे.” ते म्हणाले, “व्हय. मालक लपवतोच. वाईट माणूस म्हणून न्हाय, लाज वाटती म्हणून. त्येला इचारायचं, आनि मग तिला इचारायचं.” ‘तिला’ म्हणजे गाडीला.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका उन्हाळ्यात जेऊरहून परतताना पाण्याची नळी फुटली, उष्णतेचा काटा वर गेला आणि मी, कोणाच्या तरी भरवशावर रस्त्यात उभे राहणे मान्य नसल्यामुळे, तशीच गाडी पुढे हाणली. दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितले, “काटा हलताक्षणी मी गाडी थांबवली.” त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. मी तेच उत्तर अधिक ठासून दिले. त्यांनी ऑइलचे झाकण उघडून माझ्यासमोर धरले. आत दूध घातलेल्या कॉफीसारखा चिकट थर. तापून हेडचे गॅसकेट गेले होते आणि पाणी ऑइलमध्ये उतरले होते. “हा बघा माझा साक्षीदार,” ते म्हणाले, “ह्यो फुटत न्हाय.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चहा मागवला. गॅसकेट बदलून झाल्यावर त्यांनी मला एकच अट घातली : पुढच्या वेळी खोटे बोलायचे असेल तर निदान झाकण पुसून यावे.

आता त्या मंगळवारविषयी. बुधवारी सकाळी दहा वाजता माझ्या गाडीची फेरनोंदणीची तपासणी होती. गाडी धूर ओकत होती, आणि धुरावर नापास होणे हा माझ्या दृष्टीने माझ्या प्रतिष्ठेवरचा डाग होता. सोमवारीच गाडी गॅरेजात नेऊन ठेवली, कारण रात्रभर गार झालेले इंजिन स्वतः सुरू केल्याशिवाय अण्णा हत्याराला हात लावत नसत. मंगळवारी इंजिन चालू ठेवून त्यांनी नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून थोडे सैल केले. जी नळी सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिच्याखालचा सिलिंडर काम करत नाही, अशी ही साधी परीक्षा. तिसरा सिलिंडर सापडला. ते नोझल त्यांनी बाहेर काढले, उलटे करून त्याच नळीला हवेत जोडले. आता सेल्फ मारला की फवारा दिसेल : धुक्यासारखा पडला तर चांगले, पिचकारीसारखा पडला तर टाकाऊ. हे काम ते एरवी चाचणीच्या यंत्रावर करत. ते यंत्र त्या दिवशी उघडलेले होते आणि मी घड्याळ दाखवत होतो.

“फवाऱ्याम्होरं हात धरायचा नसतो, सुई हाय ती,” असे जो मनुष्य येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत असे, त्याचा हात त्या क्षणी नळीचा नट आवळत होता. ठरल्याप्रमाणे त्यांनी ‘मारा’ म्हणायचे आणि मग मी किल्ली फिरवायची. त्यांनी म्हटले नव्हते. मला वाटले, झाले असेल... मी किल्ली फिरवली.

ते ओरडलेही नाहीत. बोट तोंडात घातले, थुंकले आणि मला दाखवले : बाभळीचा काटा टोचावा एवढे छिद्र, रक्ताचा एक थेंबही नाही. “घाई लई वाईट,” म्हणाले आणि हसले. मी हादरलो होतो, आणि हादरलो की मला कायदा आठवतो. मी त्यांना तेथेच सांगितले की दवाखान्यात खरे तेच सांगा. यंत्राने झालेली इजा आहे, पोलिसांकडे नोंद होईल, माझा जबाब घेतील, मी तो देईन, त्यात कसूर होणार नाही. हे मी मोठ्या नैतिक बळाने बोललो. त्यांनी दुसरे नोझल बसवले, गाडी माझ्या ताब्यात दिली. फवारा कातडी फोडतो हे त्यांना ठाऊक होते. आत गेलेले डिझेल मांस कुजवत जाते आणि तासांच्या हिशेबात शस्त्रक्रिया लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. त्यात त्यांना मधुमेह. ज्यांना ठाऊक असायला हवे, त्यांच्या दारात ते बुधवारी सकाळी, बोट ठणकायला लागल्यावर, स्वतःच्या पायांनी गेले. त्याच वेळी मी तपासणीच्या रांगेत होतो. धूर मर्यादेत भरला. गाडी पास झाली.

अधीक्षकांच्या चार ओळींचा आशय असा : रुग्णाने स्वतः ‘काम करताना तार टोचली’ असे सांगितले, त्यानुसार योग्य उपचार झाले, रुग्णालयाकडून कोणतीही हयगय झालेली नाही. हे वाचून मी तडक गौराक्कांकडे गेलो. माझा स्वर चढलेला असावा. मी विचारले, अण्णा असे खोटे का बोलतील? त्या भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

“मी बी त्येच इचारलं त्येंना,” त्या म्हणाल्या. “तर म्हनले, खरं सांगितलं की साहेबाला ठाण्यात बोलावत्यात. साहेब जानार, खरं बोलनार, वर आनि फौजदाराच्या चुका काढनार. म्हातारा मानूस, कुटं तितं बसवत्यात... तार म्हनलं की दोन मिनिटात सुटलो.”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, “जेवूनच जावा.” मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

माझ्या कायद्याच्या ज्ञानामुळे एक माणूस खोटे बोलला, आणि त्या खोट्यापायी गेला. ही नोंद मी येथे, सर्वांसमक्ष, करतो. अण्णांनी तिसरा प्रश्न विचारला असता तर मी हेच सांगितले असते : किल्ली मी फिरवली, इशाऱ्याआधी फिरवली, घाई माझी होती. ज्या कोणा अधिकाऱ्याला यावर माझा जबाब हवा असेल त्याने बोलवावे. मी स्वतःच्या खर्चाने येईन आणि कोणाच्याही चुका काढणार नाही.

परंतु अधीक्षक महाशय, तुमचा बचाव मला मान्य नाही. रुग्ण लपवतो. लाजेने लपवतो, भीतीने लपवतो, दुसऱ्याला वाचवण्यासाठी लपवतो. तो लपवतो म्हणूनच तुमची विद्या आहे. पत्र्याच्या छपराखालचा एक माणूस वीस वर्षांच्या गाडीबद्दलही पहिल्या उत्तरावर विसंबत नसे. तुमच्यासमोर जो हात आला त्याची नखे काळी होती, बाहीला डिझेलचा वास होता, आणि तारेने टोचलेले बोट एका रात्रीत तसे होत नाही. तुमचा साक्षीदार तुमच्या टेबलावर पडला होता. तो फुटला नव्हता. त्याला कोणी विचारले नाही.

गाडी आता माझ्या दारात असते. रोज सकाळी मी तिच्यात बसतो, किल्ली अर्धी फिरवतो. नारिंगी दिवा लागतो. हल्ली मी थांबतो. तो विझतो आणि तरीही मी थांबतो, कारण बॉनेटच्या पलीकडून ‘मारा’ असा आवाज यायचा असतो... शेजारी पाहतात. मग किल्ली काढून घेतो, खाली उतरतो आणि घरात जाऊन तुम्हाला लिहायच्या पत्रात आणखी एक ओळ घालतो.

हे तुम्हाला चौथे पत्र, आणि ते मी वर्तमानपत्रातून पाठवतो आहे, म्हणजे ते ‘मिळाले नाही’ असे म्हणता येणार नाही. प्रश्न एकच आहे. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवशी, मल्लिनाथअण्णांना तुमच्या अपघात विभागात कोणी एकदा तरी म्हणाले का, “बरं, आता खरं काय झालं ते सांगा”? म्हणाले असेल तर त्याचे नाव द्या. मी त्याची माफी मागेन. नसेल म्हणाले, तर तसे लिहा, या पानावर, स्वतःच्या सहीने. माझे उत्तर मी वर दिले आहे. तुमचे द्या.