खिडकीतली बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज सांगायला बसलेय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये — चित्रापासून, की मालतीकाकूंपासून?

काकूंपासूनच करते. २००४ साली आम्ही मँचेस्टरला आलो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी घरी. शेजारच्या घरात मालतीकाकू एकट्या राहायच्या. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून केलेली. काका गेलेले, मुलगा बर्मिंगहॅमला. त्यांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं जात चाललं होतं — कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून रविवारी मी त्यांना ट्रॅमने आर्ट गॅलरीत न्यायची.

तिथे एक जुनं डच चित्र होतं. बागेतून दिसणारं एक मोठं विटांचं घर. कापून सारखी केलेली कुंपणं, मध्ये कारंजं, मागे दगडी पायऱ्या. काका-काकू तरुणपणी सुट्टीच्या दिवशी त्याच्यासमोर येऊन बसायचे. भाड्याच्या खोलीवर गारठा, गॅलरीत ऊब. काका म्हणायचे, हे आपलं घर. वर डावीकडच्या खिडकीत बाई उभी आहे ना, ती तू. काकूंना चित्र पाठ होतं. त्या सांगायच्या, मी ‘हो’ म्हणायचं. एवढंच माझं काम.

त्या आठवड्यात त्यांनी चारचौघींत माझ्या इंग्रजीची चेष्टा केली होती. ‘हिला इंटरव्ह्यूला कोण बोलावणार!’ ते लागलं होतं, म्हणून मी तसं वागले — असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं सांगू? त्या रविवारी मला ते आठवतही नव्हतं. मग का? नुसता कंटाळा? की कुणीतरी पहिल्यांदाच सगळं माझ्या डोळ्यांवर सोपवलं होतं, म्हणून? नाही कळत.

“ती उभी आहे ना गं खिडकीत?” काकूंनी विचारलं.

“कोण, काकू? खिडकी रिकामी आहे.”

बाई तिथेच होती. पांढरी टोपी, एक हात चौकटीवर. मी तिच्याकडे बघतच बोलत होते.

“नीट बघ. वर. डावीकडे.”

“बघितलं ना. कुणी नाहीये.”

त्या चिडल्या नाहीत. बाकावर बसल्या, पर्समधून रुमाल काढला, तसाच परत ठेवला. “मग मी इतकी वर्षं काय बघत होते?” म्हणाल्या. गंमत केली हो, असं म्हणायला किती वेळ लागतो? अगदी ओठांवर आलं होतं. ट्रॅममध्येही आलं होतं. मी बाहेर बघत बसले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मग माझं दार वाजवायला लागल्या — गॅस बंद केलाय का, बघून जा. गोळी घेतली का मी? एकदा तर म्हणाल्या, ‘ती तू’ असं हे खरंच म्हणाले होते, की तेही मीच रचलं? आणि हे कुणाला विचारत होत्या — मला! मी म्हटलं, वय झालं की होतं असं, काकू. म्हणजे खोटं एकदाच बोलले, असंही नाही. रोज थोडं थोडं बोलत राहिले.

त्यांनी आपणहून मुलाला बोलावून घेतलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, स्मृतीच्या तपासणीला पाठवलं. तिथे काय निघालं ते मला नीट कळलं नाही. मी विचारलंही नाही. कदाचित विसर खरंच सुरू झाला असेल. कदाचित काहीच नसेल. या ‘कदाचित’मध्ये मी आजवर लपून राहिलेय. घर विकलं आणि मुलगा त्यांना बर्मिंगहॅमला घेऊन गेला.

दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“एक सांगायचं राहिलं गं,” म्हणाल्या. “बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून हो ला हो करत होते. तू एकटी खरं बोललीस. तुझ्यामुळे मला वेळेवर कळलं.”

मी म्हटलं, “त्यात काय एवढं, काकू.”