कडी नसलेलं घर

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपं यांच्यावर माझा संसार चालतो, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या घरात अगदी आत्ताआत्तापर्यंत आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाहेरच्या दाराला तेवढं लॅच आहे, तेही आतून एका बोटाने उघडणारं. बेडरूम, बाथरूम, संडास, सगळी दारं नुसती लोटलेली. अकरा वर्षांपूर्वी वहिनीने स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक कडी उतरवली, पिशवीत भरली आणि माझ्या काउंटरवर आणून ठेवली. "ताई, विकून टाका," एवढंच म्हणाली.

त्याच्या चार महिने आधी ती शिवणाच्या कारखान्यात बटणांच्या मशीनवर होती. दुसऱ्या मजल्यावर एकच लांब खोली, एकच दार. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे आग लागली. वहिनीचं मशीन खिडकीशी होतं. तिने खालच्या पत्र्यावर उडी टाकली, घोटा मोडला आणि वाचली. सहा जणी दाराशीच गुदमरून गेल्या.

घोटा तीन महिन्यांत जुळला. मग आम्ही सगळे म्हणायला लागलो, सुटली बिचारी, आता विसरेल. ती मात्र कुठल्याही घरी गेली की दाराजवळची जागा धरायची. सिनेमाला गेलो तर मध्यंतराआधीच उठून बाहेर उभी. दूध करपलं की हातातलं टाकून रस्त्यावर. कधी भाजी चिरताचिरता हात थांबायचा आणि हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दादा चिडायचा नाही. चिडायचे मी. मी तिला वॉचमनबाई म्हणायचे, चारचौघांतसुद्धा, आणि लोक हसले की मला बरं वाटायचं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

घराचा एक कायदा होता. बाथरूममध्ये कोणी असेल तर दारावर लाल टॉवेल टाकायचा. घरच्यांना तो पाठ होता. माझी भाची खारू त्याच कायद्यात वाढली. लहानपणी या खोलीतून त्या खोलीत सुळकन पळायची म्हणून खारू. आग लागली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता चौदाची. गेल्या वर्षी दादाचा एक मित्र घरी आला होता. भला माणूस, पण त्याला टॉवेलचं काय माहीत? हात धुवायला म्हणून त्याने बाथरूमचं दार ढकललं. आत खारू आंघोळ करत होती.

त्यानंतर ती आंघोळीला वर माझ्याकडे यायला लागली. मी वरच्याच मजल्यावर राहते, माझ्या बाथरूमला कडी आहे. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी ती दप्तर आणि कपडे घेऊनच आली.

"आत्या, मी आता इथेच राहणार. कडी लागली तर खाली जाईन."

मी तिला घेऊन खाली उतरले. वहिनी ओट्याशी उभी होती. मी म्हणाले, "वहिनी, उद्या मी कडी आणून बसवते. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

"पोरगी घर सोडून निघाली आहे."

"वर राहू दे. वर जिवंत तरी राहील."

"अगं, माझ्या बाथरूमला कडी आहेच की."

"मला माहीत आहे. ती आत असते तोवर मी जिन्यात उभी असते."

हे मला ठाऊक नव्हतं, पण माझा पारा चढला होता आणि माझ्या तोंडाला तर कडी कधीच नव्हती. मी म्हणाले, "आग काय तुझ्या एकटीच्याच नशिबात आली होती? गेल्या त्या गेल्या. तू जगली आहेस, आता पोरीलाही जगू दे."

वहिनीने गॅस बंद केला. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "कडी मी लावली होती."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने सांगितलं. कापलेलं अस्तर फार हलकं असतं, दारातून वारा आला की खोलीभर उडतं आणि नंबर लावून ठेवलेले तुकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून नियम होता, सुट्टीनंतर जी शेवटी आत येईल तिने कडी लावायची. दार बिजागरीतून खाली बसलं होतं. ते आधी गुडघ्याने वर उचलायचं, मगच कडी सरकायची. सगळ्यांना ते जमायचं. पण त्या दिवशी सगळ्याच दाराला येऊन भिडल्या, मागच्या पुढच्यांना रेटत होत्या. अंगाने दाबलेलं दार उचलणार कोण? वहिनी पाणी प्यायला थांबली होती, म्हणून शेवटी आत आली होती.

"मला आवाज येत होते," ती म्हणाली. "कडी, कडी, असं ओरडत होत्या. मी खिडकीत होते."

खारूने दप्तर खाली ठेवलं. त्या दिवसापासून ती खालीच राहिली, आंघोळीला तेवढी वर येत राहिली.

सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाच्या आजारांच्या डॉक्टर बसतात. तिथे मी वहिनीला घेऊन जायला लागले. पहिले दोन मंगळवार ती दाराजवळच्या खुर्चीवर नुसती बसून परत आली. डॉक्टरबाईंनी दार उघडंच ठेवलं. मग ती बोलायला लागली, आणि बोलायला लागल्यावर बरी होण्याऐवजी आधी जास्तच बिघडली. जेवण सुटलं, झोप उडाली. दादा म्हणाला, बंद कर हे. डॉक्टरबाई म्हणाल्या, जखम उघडली की आधी दुखतेच. पाचव्या महिन्यात त्यांनी विचारलं, तिथलं आणखी कोण जिवंत आहे?

एक कटिंग मास्तर होते. हात भाजलेले, आता मुलीकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात बसले होते. वहिनीने पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं, "मास्तर, त्या दिवशी कडी मी लावली होती."

मास्तरांनी आपली आखडलेली बोटं तिच्यापुढे धरली. "आणि लावायला कोण सांगायचं? अस्तर उडतं म्हणून ओरडायचो मी. नियम माझा होता, पोरी. मालकाला दाराचं दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. मी तुझीच वाट बघत होतो. वाटायचं, येशील आणि मला शिव्या घालशील."

कोणी कोणाला माफ केलं नाही. ते दोघं त्या सहा जणींविषयी बोलत बसले, कोण डब्यात काय आणायची, कोण शिट्टी वाजवायची. परत येताना वहिनी बसमध्ये खिडकीशी बसली, दारापासून चार सीट आत.

पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली. ड्रॉवरमधली प्रत्येक कडी काढून उघडून बंद करून पाहिली. माझी गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तिने सगळ्यात हलकी सरकणारी निवडली आणि म्हणाली, "आधी नवीन बिजागऱ्या द्या. दार सरळ झाल्याशिवाय कडी लावायची नाही." सुताराला तिने हात लावू दिला नाही. बाथरूमचं दार खालून तासलं, सरळ टांगलं, कडी बसवली, सगळं स्वतः. खारू स्क्रू हातात देत होती.

मायलेकींचा करार ठरला. आत असताना खारूने हातातला मग मधूनमधून बादलीवर आपटायचा, म्हणजे बाहेर वहिनीला ऐकू येईल. दोन महिने आमच्या सगळ्या सकाळी त्या मगाच्या आवाजावर गेल्या. टण, थोडं थांबून टण.

गेल्या रविवारी मी खाली चहाला गेले होते. आत पाणी पडत होतं. मग पाणी थांबलं आणि मगाचा आवाज आला नाही. वहिनी उठून दाराशी गेली. हात ठोठावायला वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी उठणार होते, तिने मान हलवून मला बसवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही, माझ्या चहावर साय आली होती. मग कडी सरकली.

खारू केस पुसत बाहेर आली आणि आईला बघून थबकली. "आई, मी विसरलेच गं."

वहिनी भिंतीला टेकत खाली बसली. "विसरलीस?" तिने खारूचा ओला हात धरून ठेवला. "असू दे. आपल्यात एकीला तरी विसरता येऊ दे."

मग ती उठली, लाल टॉवेल घेतला, दारावर टाकला आणि आंघोळीला आत गेली. दार तिने वीतभर उघडंच ठेवलं. मी आणि खारूने खुर्च्या खिडकीकडे वळवल्या आणि तिचं होईपर्यंत तशाच बसून राहिलो.