दोन थेंब विजया

सायटिकाने मला पार वाकवलं होतं. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढे उभं राहायचं आणि घरी येऊन फरशीवर आडवं व्हायचं. शेवटी पालघरच्या एका वैद्यांनी तेलाची छोटी बाटली लिहून दिली. जेवणानंतर जिभेखाली दोन थेंब. बाटलीवर हिरवं पान आणि खाली शब्द, विजया.

"म्हणजे भांगच," वैद्य म्हणाले, "पण औषध म्हणून चिठ्ठीवर मिळते. कायद्याने चालतं."

बायकोला सांगितलं. दहावीतल्या मुलीला कशाला उगाच, म्हणून बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

नेमकं तेव्हाच तिच्या शाळेत व्यसनमुक्तीचं व्याख्यान झालं. पाहुण्यांनी लक्षणं सांगितली : डोळे लाल होतात, भूक वाढते, माणूस एकटाच हसतो. त्या संध्याकाळी कारखान्यातल्या धुराने लाल झालेले डोळे घेऊन मी तिसरी भाकरी मोडत होतो आणि मोबाइलकडे बघून खिदळत होतो. मुलगी जेवायची थांबली.

रविवारी बाजारातून आलो, तर घरात बैठक बसलेली. मुलगी, बायको आणि मासवणहून तातडीने बोलावलेला मेहुणा. मधे स्टुलावर बाटली.

"बाबा, आम्ही रागावणार नाही," मुलगी म्हणाली. "फक्त खरं सांगा. संगत कोणाची?"

"वैद्यांची."

"भावोजी, या वयात?" मेहुणा कळवळला. "आमी तुमचं उदाहरण देतो पोरांना!"

मी बायकोकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली होती. खांदे हलत होते. मेहुण्याला वाटलं, रडतेय. तो तिला पाणी आणायला धावला.

मी चिठ्ठी दाखवली. मुलीने ती वाचली, पण चेहरा मोकळा झाला नाही.

"वर्गातली मुलं हेच म्हणतात," ती हळूच म्हणाली. "हे तर औषध आहे, मग दोन झुरक्यांनी काय होतं?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वैद्यांकडे गेलो. त्यांनी तिला नीट समजावलं. तुमच्या वयात मेंदू अजून घडत असतो, त्याला धक्का बसतो. बाबांचं माप ठरलेलं आहे, पुडीत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिचे प्रश्न संपेनात. रांगेतल्या एका आजोबांनी आपल्या गुडघ्याबद्दलही तिलाच विचारलं.

तेव्हापासून बाटली तिच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. जेवण झालं की मी जीभ वर करून उभा राहतो. ती थेंब मोजते, मग टॉर्च मारून माझे डोळे तपासते. मेहुण्याचा खांदा दुखला तेव्हा त्यानेही दोन थेंब मागून पाहिले. "मामा, आधी वैद्य," एवढंच ती म्हणाली.

वैद्यांचं सगळं बोलणं तिने वर्गात सांगितलं. अर्थात, कोणाच्या औषधाचं, हेही. परवा बोईसर स्टेशनबाहेर तिच्याच वर्गातला एक उंच मुलगा मला अडवून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काका, हिंमत ठेवा. मी सोडलं, तुम्हांलाही जमेल."

मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "प्रयत्न करतो."