अठराव्या प्रश्नाचे उत्तर

नऊ ऑक्टोबरला हिशेबनिसाने एक हजार दोनशे चौसष्ट रुपयांच्या प्रवासखर्चाच्या बिलावर लाल शाईने एक ओळ खोडली आणि अडतीस रुपये कापले. सतरा सप्टेंबरचे जाण्यायेण्याचे बसभाडे. त्या दिवशी चौथ्या पट्ट्यात भेट ठरलेली नव्हती, मग भाडे कशाचे? बिल ज्या बाईचे होते तिला सगळे फॉर्मवाली म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण तिच्याशी गोड बोलून कुणाचा काही फायदा झाल्याचे ऐकिवात नव्हते.

इस्पितळाच्या जुन्या इमारतीत, एक्स-रे विभागाच्या वरच्या दोन खोल्यांत एक अभ्यास अकरा वर्षे चालू होता. दहा ते एकोणीस वर्षांच्या ठरावीक मुलांना दरवर्षी एकदा तेच चाळीस प्रश्न विचारायचे. सारख्याच हालांत वाढलेल्या दोन मुलांपैकी एक कोलमडते आणि दुसरे तगते, ते कशाच्या बळावर, हे शोधायचे. ते कळले तर कोवळ्या वयात जीव द्यायला निघालेल्यांना वेळेत अडवता येईल, असा सगळा खटाटोप. फॉर्मवाली पहिल्या दिवसापासून होती. त्याआधी ती सुताच्या कारखान्यात बॉबिनी मोजायची. कारखाना बंद पडला तेव्हा इथे मुलाखतीला आली. हेच काम का हवे, असे विचारल्यावर तिने पगार वेळेवर होतो असे ऐकल्याचे सांगितले होते.

अभ्यासासाठी शहराचे पट्टे पाडले होते. फॉर्मवालीकडचा चौथा पट्टा म्हणजे रंगाच्या कारखान्यामागच्या गल्ल्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची ओळ आणि जिना बाहेरून असलेल्या तीन मजली चाळी. एकसष्ट मुले. तिथे कुणी तिच्यासाठी पायघड्या घालून बसले नव्हते. नियम असा की फॉर्म भरताना घरचे माणूस खोलीत नको, आणि घरे बहुतेक एका खोलीची. त्यामुळे ती आईबापांना दाराबाहेर काढायची आणि स्वतः अशी बसायची की उंबऱ्यापलीकडचे त्यांचे पाय दिसतील. पाय जवळ आले की प्रश्न थांबला. एका लेथवाल्या बापाने तिला तोंडावर सांगितले होते की तुम्ही पोरांच्या डोक्यात नको ते भरवता.

“मी विचारते,” ती म्हणाली होती. “भरलेलं आधीपासून असतं. दहा मिनिटं बाहेर थांबा, आणि चहा नको.”

नको ते, म्हणजे एकतिसावा प्रश्न. गेल्या पंधरा दिवसांत जगणे नकोसे वाटले का, हा तो प्रश्न. उत्तर हो आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे आणि डॉक्टर किंवा भरवशाचे माणूस येईपर्यंत मुलाजवळून हलायचे नाही. हे ती काटेकोर पाळायची. पण दुसराही एक नियम होता. दोन वार्षिक भेटींच्या मध्ये पट्ट्यात पाऊल टाकायचे नाही, नाहीतर मुले बदलतात आणि आकडे नासतात. हा नियम तिने कधी पाळला, हे तिलाही आठवत नव्हते.

आकडेवाले साहेब या खात्यात येऊन वर्ष झाले होते. वय चौतीस, बोलणे लोण्यासारखे, आणि आत सुरी. चौथ्या पट्ट्याचे आकडे त्यांच्या डोळ्यांत आल्या दिवसापासून खुपत होते. मारझोड, दारू, उपास यांत हा पट्टा सगळ्यांत वाईट. पण एकतिसाव्या प्रश्नाला हो म्हणणारी मुले मात्र दरवर्षी कमी होत चाललेली. बाकी कुठल्याच पट्ट्यात तसे नव्हते. साहेबांनी मनाशी पक्के केले होते की बाई कुठल्यातरी टपरीवर बसून फॉर्म भरते. हिशेबनिसाने अडतीस रुपयांचे प्रकरण पुढे केले, तेव्हा त्यांना पुरावा हातात आल्यासारखे वाटले. त्यांनी कपाटातून मूळ कागद काढायला लावले, दोन दिवस वाचले, आणि तिला बोलावून घेतले. खोलीत तीन खुर्च्या होत्या. तिला कुणी बसा म्हटले नाही.

सतरा तारखेला कुठे होतात, या प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिले. शिंप्याची धाकटी, वय पंधरा. ऑगस्टमध्ये तिने एकतिसाव्याला हो म्हटले होते. डॉक्टर त्याच दिवशी आले होते, उपचार सुरू होते, कागद फाइलला होता. पण सतराला तिच्या परीक्षेचा निकाल होता आणि त्या दिवशी येईन असे फॉर्मवालीने तिला सांगून ठेवले होते.

“मग काय केलंत तिथे?”

“जिन्यावर बसले. ती नापास झाली होती.”

“काय समजावलंत?”

“काही नाही. नखं काळी होती, त्यावरून बोलले.”

साहेबांनी फॉर्मचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. अठरावा प्रश्न उघडा होता. घराबाहेरचे असे एखादे मोठे माणूस आहे का, ज्याच्याकडे अडचणीत जाता येईल? शिक्षक, शेजारी, नातेवाईक असे रकाने होते आणि शेवटी ‘इतर’. एकसष्टपैकी सत्तावीस फॉर्मांवर इतरपुढे तिच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेले होते, ‘फॉर्मवाली मावशी’. वर्षानुवर्षे. संगणकात भरणारा ‘इतर’ला नऊ आकडा टाकून पुढे जायचा, पुढचे शब्द अकरा वर्षांत एकाही माणसाने वाचले नव्हते.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“पोरं बोलली तसं लिहिलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, असं तुमच्याच पुस्तकात आहे.”

“बाई, तुम्ही मोजायला गेला होतात. मोजपट्टीच कापडाला शिवून बसलात तर आम्ही मोजायचं कशानं?”

“ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले.”

साहेबांचा चेहरा उतरला होता, आणि त्याचे कारण तिला दिसत होते. फॉर्म खोटे निघाले असते तर एक बाई काढून प्रश्न मिटला असता. फॉर्म खरे होते, म्हणून अख्खा पट्टा हातचा चालला होता. किती वेळा गेलात, असे त्यांनी विचारले. मोजले नाही, असे ती म्हणाली. अशा मधल्या भेटींना ती एरवी चालत जायची. त्या दिवशी गुडघा धरला होता म्हणून बस घेतली आणि भाडे मागितले. अकरा वर्षांत एकदाच.

मोठ्या डॉक्टरबाईंनी हा अभ्यास उभा केला होता. त्या आल्या, सगळे ऐकून घेतले, आणि त्यांनीही तिची बाजू घेतली नाही. नियम तुला पाठ होता, इतकेच म्हणाल्या. फॉर्मवालीने नोकरीचा विषय काढलाच नाही. पट्टा गळाला तर एकसष्ट पोरांकडे कोण जाणार, एवढे एकच ती विचारत राहिली. साहेबांनी सांगितले की अभ्यासात नसलेल्या मुलांकडे जायला अभ्यासाकडे पैसे नसतात. एकतिसाव्याला हो म्हणालेल्यांचे उपचार चालू राहतील; बाकीच्यांचे नाव यादीतून जाईल.

“म्हणजे हो म्हणायची वाट बघायची,” ती म्हणाली, आणि बसा न म्हणताच खुर्ची ओढून बसली. तिच्या गुडघ्याला आता उभे राहणे झेपत नव्हते.

अहवाल जानेवारीत निघाला. तळटिपेत एक ओळ होती : चौथा पट्टा, सर्वेक्षकाच्या हस्तक्षेपामुळे वगळला. तिला कपाटांच्या खोलीत, जुने कागद नीट लावायला बसवले. घरी जावेने टोमणा मारलाच, की लोकांच्या पोरांत नाक खुपसायचा पगार बंद झाला वाटतं.

मार्चमध्ये साहेब स्वतः कपाटांच्या खोलीत आले. हातात नव्या अभ्यासाचा मसुदा होता. घराबाहेरच्या एका मोठ्या माणसाने महिन्यातून एकदा नेमाने जायचे, आणि मुले तगतात का ते पाहायचे. कल्पना कुणाची, यावर मसुद्यात अवाक्षर नव्हते. नव्या सर्वेक्षकांना शिकवण्यासाठी त्यांना तिच्याकडून कृती हवी होती. भेटीत नेमके काय बोलता, किती वेळ, कुठल्या क्रमाने.

“काही बोलत नाही.”

“मग करता काय?”

“येते म्हटलं की जाते. लिहून घ्या, एवढंच आहे. आणि माझे अडतीस रुपये द्या.”

साहेबांनी तेवढेच लिहून घेतले, दोनदा वाचले, आणि रागाने टोपण लावले.

ती अजून जाते. रविवारी, आपल्या पैशांनी, गुडघा धरला की बसने. एकसष्ट घरे होत नाहीत. महिन्याला वीसेक होतात, आणि राहिलेल्यांवरून ती स्वतःशीच चिडते. लेथवाला बाप अजून तोंड फिरवतो, पण आता सांगायच्या आधीच दाराबाहेर जातो. शिंप्याच्या धाकटीने पहिल्यांदा तिची रिकामी पिशवी पाहिली तेव्हा विचारले होते,

“फॉर्म नाही, मावशी?”

“नाही. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसून काय करणार?”

“भांडू. सरक तिकडे.”

हिशेबनिसाला तिने दोनदा विचारले. वर्षाचे हिशेब बंद झाले आहेत, आणि वगळलेल्या पट्ट्याचा खर्च टाकायला रकाना नाही, असे तो म्हणाला. अडतीस रुपये अजून येणे आहेत.