खांब सरकारचा, माणसं आमची

डहाणू रोडला आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत नवरा लग्नांचे फोटो काढायला जायचा, म्हणून पूल माझ्या वाट्याला आला. तलासरीकडे एका नदीवर सरकारी पुलाचं काम चाललं होतं आणि ते किती झालं याचे फोटो दर महिन्याला वरच्या ऑफिसात पाठवावे लागत. साइटवरच्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी बजावलं, की फोटोत नुसता पूल हवा, माणसं नकोत. जणू खांब रानात आपोआप उगवत होते.

पण मी कॅमेरा काढला की मजूर हातातलं काम टाकून खांबाच्या पायथ्याशी रांगेत उभे राहत, नवरदेवाच्या वऱ्हाडासारखे ताठ. हाकलून मी थकले. मग एक युक्ती सुचली. डार्करूममध्ये एकाच निगेटिव्हचा वरचा भाग ऑफिससाठी छापायचा. नुसता खांब.

हे तीनेक महिने चाललं. मग पाड्यावरची, खडी वाहणारी एक वयस्क बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाय, दर टायमाला आमचा फोटू नेतेस. तो जातो कुठं?"

त्या महिन्यात मी खालचा भागही छापला आणि दोन पाकिटं घेऊन साइटवर गेले. एक इंजिनिअरला दिलं, त्याने ते न उघडताच टपालात टाकलं. दुसरं मजुरांनी उघडलं. आत नुसते खांब. बाईने एकेक फोटो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यात मी कुठं हाय?"

ती वरच्या ऑफिसच्या वाटेवर होती. इंजिनिअरला सांगितलं तेव्हा तो सिमेंटच्या गोणीवर मटकन बसला. नोकरी गेलीच, असं म्हणाला. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघेही टपालाला घाबरत होतो.

उत्तर आलं. फोटो मिळाले, कामाची प्रगती समाधानकारक.

फोटोत कमरेवर हात ठेवलेली बाई होती, तंबाखू चघळणारे दोघे होते, आणि खांब होता जेमतेम हातभर. इंजिनिअरने ते पत्र चारदा वाचलं. त्यानंतर माणसं नकोत हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

बाईसाठी मी नवीन प्रिंट काढली. तिने ती उन्हात धरून निरखली, नाक आपलं नव्हेच असं जाहीर केलं आणि पदराखाली धरून घरी नेली.