देणगीदाराच्या दवाखान्यात

कार्ल्सरूहेजवळच्या एका गावात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरी ओलांडलेली. समोर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे आडनावानेच हाक मारते, पण आमच्या घरात ते खालचे आजोबा आणि खालच्या आजी.

गेल्या वर्षी थंडी ओसरता ओसरता आजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधून सोडायची वेळ आली तेव्हा रेहा, म्हणजे पुनर्वसनाचं क्लिनिक, शोधायची धावपळ सुरू झाली. आजोबांना फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा मनापासून तिटकारा, त्यामुळे आरोग्य विमेवाल्यांशी मीच बोलत होते. ऑफिसचं काम, लेकीची शाळा आणि मधेच तो फोनमधला वाट बघायला लावणारा पियानो. शेवटी जागा मिळाली, तीही गाडीने जाण्याइतकी जवळ. वाचा गेलेल्या रुग्णांसाठी तिथे वेगळा विभाग होता. मी उत्साहाने खाली सांगायला गेले.

आजोबांनी क्लिनिकचं नाव ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"तिथे नाही," ते म्हणाले.

ते क्लिनिक एका उद्योगपतीच्या श्टिफ्टुंगने, म्हणजे दानसंस्थेने, बांधलेलं आहे आणि त्याला नावही त्याचंच आहे. या भागात त्याच्या नावाची शाळा आहे, वाचनालय आहे, झाडं लावलेला एक रस्ताही आहे. त्या माणसाचं आजोबांशी काय वाकडं आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आजोबांचं लेथचं वर्कशॉप होतं, वडिलांनी घातलेलं. डझनभर माणसं कामाला. ते या उद्योगपतीच्या कंपनीसाठी व्हॉल्व्हचे सुटे भाग करून द्यायचे. कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी इतर गिऱ्हाइकं सोडली, नवी मशिनं घेतली. मग कंपनीने गुणवत्तेच्या तपासणीसाठी म्हणून सगळी ड्रॉइंग मागवून घेतली. पुढच्याच वर्षी तेच भाग तिकडे पूर्वेकडच्या देशातल्या एका कारखान्यात निघायला लागले आणि ऑर्डर बंद झाली. वकील म्हणाला, करारात सगळं बसतं. वर्कशॉप बंद पडल्यावर ती जागाही कंपनीनेच घेतली, पडत्या भावाने.

"माझ्या माणसांना त्याने नाही काढलं," आजोबा म्हणाले. "मी काढलं. एकेकाला ऑफिसात बोलावून मला सांगावं लागलं. त्यातला एक गावात राहायचा. मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही तो."

मी वर आले. पुण्याहून सासूबाई आलेल्या होत्या. जेवताना त्यांना सगळं सांगितलं.

"गाय मारून जोडे दान," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे काय कमी शेठ आहेत असे?"

"मग काय करायचं, आई? दुसरीकडे जागा मिळायला खूप दिवस लागतील."

"अगं, जोडे घालायचे की नाही ते अनवाणी माणसाला विचारावं. तू त्या आजोबांना काय विचारत बसलीस?"

नवरा म्हणाला, "आई, आजींना बोलता येत नाहीये."

"मान हलवता येते ना?"

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई हॉस्पिटलमध्ये गेलो. मी आजींना मोबाइलवर क्लिनिकचे फोटो दाखवले आणि हेही सांगितलं की आजोबांची इच्छा नाही. त्यांनी क्लिनिकचं नाव वाचलं. मग डावा हात त्या फोटोवर ठेवला आणि मान हलवली. आजोबांना मी तेच जाऊन सांगितलं. आजींची बॅग त्यांनीच भरली.

त्यानंतर एक विचित्र दिनक्रम सुरू झाला. मी एक दिवसाआड काम लवकर आटोपून आजोबांना आणि सासूबाईंना गाडीने क्लिनिकला न्यायची. आजोबा पार्किंगमध्ये गाडीतच बसायचे. आम्ही आजींना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणायचो, मग ते उतरून त्यांच्याबरोबर बागेत फिरायचे. बाग श्टिफ्टुंगचीच होती, पण तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, एवढीच त्यांची सोय. कधी पाऊस असला की ते दोघं काचेच्या आत-बाहेर थांबून एकमेकांकडे बघायचे. मला ते बघवत नसे. दिवसभराच्या कामाने डोकं जड झालेलं, त्यात हे. वाटायचं, यांच्यातलं हे काय आहे ते मिटवून टाकावं कुणीतरी.

एकदा त्यांना समजावायचं म्हणून मी म्हटलं, "आमच्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात. लोक त्यांच्यावर पाय देऊन आत जातात. देणाऱ्यांनी पैसा कसा मिळवला, ते कुणी विचारत नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते म्हणाले. "तुमच्याकडे पाय तरी देतात."

क्लिनिक खरोखर चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. तिथली थेरपिस्ट आजींकडून जुनी गाणी म्हणवून घ्यायची. बोलता येत नाही अशा माणसालाही कधी कधी गाता येतं, असं ती म्हणाली. सासूबाईंना शब्द कळत नसत, पण चाल त्यांनी लगेच उचलली. त्या दोघी गुणगुणत बसायच्या. एके दिवशी सासूबाई आजींचे केस जरा जोरातच विंचरत होत्या, तर आजींनी स्पष्ट म्हटलं, "नाइन." नको. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. सासूबाईंना हा एक जर्मन शब्द येत होता. कंगवा हातात धरूनच त्या रडायला लागल्या.

ऑफिसमध्ये जेवताना मी ही गोष्ट काढली, तेव्हा सहकाऱ्यांमध्ये वाद झाला. एक म्हणाला, दान म्हणजे कर वाचवायची युक्ती. दुसरी म्हणाली, पण रुग्ण बरे होतात ना? सरकारने बांधलं असतं का असं क्लिनिक? मी कधी एकाला होकार देत होते, कधी दुसरीला. मग कंटाळा आला आणि मी डबा धुवायला उठले. ज्याचं नुकसान झालं आणि ज्याचं भलं झालं, ती माणसं सहसा एका छपराखाली राहत नाहीत, म्हणून असे वाद रंगतात. माझ्या खालच्या मजल्यावर ती दोघं वर्षानुवर्षं एकाच पलंगावर झोपत आली होती.

आजींची घरी यायची वेळ जवळ आली तेव्हा कळलं की तो उद्योगपती स्वतः क्लिनिकला भेट देणार आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना बोलावणं होतं. त्या दिवशी आम्ही आजींना बागेत आणायला आत गेलो, तर त्या जागच्या हलेनात. दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यांना. आत." आजोबांना निरोप द्यायला मी पार्किंगमध्ये गेले. ते उतरले, कोटाची बटणं लावली आणि माझ्या पुढे चालत आत गेले.

मी मनात एक रुबाबदार, बेरकी म्हातारा रंगवला होता. आला तो एक वाकलेला, कानात यंत्र घातलेला माणूस. आजींना मान वर करावी लागू नये म्हणून तो त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. आजी 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हणायला धडपडत होत्या. बरोबरचे लोक घड्याळं बघत होते, पण तो बघत नव्हता. शब्द पुरा होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने त्यांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आजोबा म्हणाले, "मी तुमच्यासाठी व्हॉल्व्हचे भाग करत होतो. बरीच वर्षं." आणि त्यांनी वर्कशॉपचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. आजोबांनी पुन्हा सांगितलं. त्याने खरंच आठवून बघितलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही आठवत," तो म्हणाला. "खरेदीचं सगळं माझी माणसं बघायची."

"सही तुमची होती."

"असेल. मी पुष्कळ सह्या करायचो." तो आजींकडे वळला. "तुमच्या पत्नी बऱ्या होताहेत, हे बघून मला फार बरं वाटलं."

तो हे मनापासून म्हणाला. मग कुणीतरी त्याला हात धरून उठवलं आणि पुढच्या रुग्णाकडे नेलं.

परत येताना गाडीत सासूबाईंनी मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी मान हलवली, नंतर सांगते. गावाची पाटी आली तेव्हा आजोबा म्हणाले, "मला वाटलं होतं, तो खोटं बोलेल. त्याची मी तयारी केली होती."

"आणि?"

"त्याला खरंच आठवत नाही."

गाडी दारात लावली. आजोबा बराच वेळ उतरलेच नाहीत.

उन्हाळ्यात आजी घरी आल्या. शब्द अजून अडतात, पण भांडण करण्यापुरतं बोलता येतं. सासूबाई पुण्याला परत गेल्या. सप्टेंबरमध्ये श्टिफ्टुंगकडून फोन आला: बऱ्या झालेल्या रुग्णांचे फोटो हवे आहेत, आजींचा काढू का? आजी हो म्हणाल्या. आजोबांनी वाद घातला नाही. हल्ली ते कशावरच फारसा वाद घालत नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

फोटोग्राफर आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्याने आजींना सफरचंदाच्या झाडाखाली बसवलं आणि आजोबांना मागे उभं राहायला सांगितलं. ते राहिले.

"थोडं हसाल का?" फोटोग्राफर म्हणाला.

"नाही," आजोबा म्हणाले. "ती हसते आहे, तेवढं पुरे."

वारा सुटला होता. आजींच्या खांद्यावरची शाल घसरली, ती ते नीट करत होते तेवढ्यात फोटो निघाला. श्टिफ्टुंगने तो वापरला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि आजोबांनीही सांगितलं नाही.