रत्नाबाईंनी कधीच न घेतलेलं नाव

धसईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या रत्नाबाईंच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. गिऱ्हाइकाने भेंडीचं टोक मोडून बघितलं की त्या त्याची अशी हजेरी घेत की ते पुढच्या आठवड्यात पलीकडच्या पाटीकडे वळे. पण या तिखट तोंडातून एक नाव कधीच बाहेर पडलं नव्हतं, ते म्हणजे नवऱ्याचं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवून धरलं, तेव्हा त्या पदरात तोंड लपवून बसल्या. पुढे ‘अवो’ आणि ‘कान्हाचा बा’ यावरच सगळा संसार झाला.

नवरा मोठा गमत्या. गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवात, रावणाचं सोंग त्याचंच. तो जड मुखवटा चढवून संबळाच्या ठेक्यावर नाचायचा. घामाघूम होऊन घरी आला की चिडवायचा, “सगला गाव माजं नाव घेतो, तूच तेवढी नाय घेत गो. मरायच्या आधी एकदा आयकव.”

“बघू,” त्या म्हणायच्या. बघता बघता तो गेला, आणि तो ‘बघू’ रत्नाबाईंच्या जिवाला लागून राहिला.

एक दिवस शेजारच्या लडकूने बातमी आणली. कुणीतरी गावचा जुना बोहाडा यूट्यूबवर टाकला होता आणि खाली सोंगं घेणाऱ्यांची नावंही दिली होती. सून योगिनीने लगेच रत्नाबाईंचाच फोन पुढे केला.

“आई, हितं बोट ठेवा नि बाबांचं नाव बोला. लिवायला नाय लागत.”

रत्नाबाईंनी घसा साफ केला. “कान्हाच्या बाचा बोहाडा,” त्या फोनला म्हणाल्या. फोनने मुरलीवाल्या कान्हाची भजनं ओळीने मांडली. योगिनी हसून हसून बेजार झाली.

“द्या, मीच नाव बोलते.”

“सासऱ्याचं नाव घेशील? गप ऱ्हा. लिवून शोधता येतं ना? मग मला लिवायला शिकव. माजं मी शोधीन.”

रत्नाबाईंचं लहानपण आईबापामागे वीटभट्ट्यांवर गेलेलं, त्यामुळे शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आता दुपारी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधताना तांब्याला टेकवलेला फोन हीच पाटी झाली. आसनगावला कामाला असलेल्या मुलाचा फोन आला की पडद्यावर ‘कान्हा’ उमटे, तो त्यांचा पहिला शब्द. मग बचत गटाच्या ग्रुपवरचे निरोप, फुलाफुलांचे ‘शुभ सकाळ’, भाजीचे भाव. सगळं मोठ्याने वाचायचं. मनात वाचणं त्यांना जमेना. अक्षर तोंडातून निघालं तरच डोक्यात शिरे. हळूहळू एक एक अक्षर दाबून लिहिणंही जमलं. त्यांनी मुलाला पहिल्यांदा ‘जेवलास का’ लिहून पाठवलं, तेव्हा त्याने घाबरून उलट फोन केला, “आईचा फोन कोणाकडं हाय?”

भात कापून झाल्यावर एका दुपारी, योगिनी शेजारी जुड्या बांधत असताना, त्यांनी फोन मांडीवर घेतला. ओठ घट्ट मिटून, एक एक अक्षर दाबत, त्यांनी नाव लिहिलं. पुढे ‘बोहाडा’ लिहिलं.

लाल मुखवटा नाचत पुढे आला. चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. पण उजवा पाय ठेक्याच्या जरा मागून टेकायची ती खोड त्यांनी लांबूनही ओळखली असती. रत्नाबाईंना रडू फुटलं. त्यांनी ते आवरलंही नाही. किती सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा ते कळलंसुद्धा नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. रोजच्या सवयीने मोठ्यानेच वाचलं, “रावणाचं सोंग… म्हादू…”

योगिनीचा जुडी बांधणारा हात थांबला. रत्नाबाईंनी झटकन पदर तोंडावर धरला. पडद्यावर रावण नाचतच होता.

मग पदर बाजूला सारून त्यांनी बोट पुन्हा त्या नावावर नेलं.

“म्हादू,” त्या म्हणाल्या. “आयकलं का, अवो?”